कड्यांचं दार

कडी तिने स्वतःच काढली होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

शाळेच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: मुलाच्या खोलीची आतली कडी मुलाने आपल्या हाताने काढून सोबत आणावी. आता यात न कळण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तिने तो कागद इतक्या वेळा वाचला होता की घडीवर फाटायला आला होता. पण सकाळी सहाला पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला, खाली भाऊ गाडीचा हॉर्न वाजवतोय, आणि दाराला आतून कडीच नाही. ती आठ महिन्यांपूर्वी भंगारात गेली होती, तिनेच दिली होती. मग उरली कोणती? बाहेरची. तिने कामाच्या पिशवीतला छोटा पेचकस घेतला, चार स्क्रू फिरवले आणि बाहेरची कडी रुमालात बांधली. कडी ती कडी, तिथे कोण बघत बसलंय आतली की बाहेरची, असं तिने स्वतःला समजावलं. गरजू माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या बनवायची. साचा यायचा, दात बसायचे, आणि मग गुलाबी हिरड्या घासून घासून इतक्या गुळगुळीत करायच्या की घालणाऱ्याच्या जिभेला कुठे काही लागू नये. एकोणीस वर्षं हेच काम. डोळ्यांना न दिसणारा खड्डा तिच्या अंगठ्याला कळायचा. शेकडो परक्या तोंडांत तिने दात बसवले, आणि घरच्या एका तोंडातून पाच महिन्यांत शब्द निघाला नव्हता.

या पोराचं घरातलं नाव भोंगा. तान्हा होता तेव्हा असा काही गळा काढायचा की चार घरं पलीकडची माणसं दारात येऊन विचारायची, काय झालं हो? मामाने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नववीत त्याने शाळेत जाणं बंद केलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणाला कळलं नाही. मग दिवसभर खोलीत. मग ताट भिरकावणं, आरसा फोडणं. आणि एक दिवस पहाटे तो गच्चीच्या कठड्यावर बाहेरच्या बाजूला पाय सोडून बसलेला सापडला. तिने मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरली होती ती सुटेना, शेजारणीने येऊन एकेक बोट सोडवलं. त्याच दिवशी आतली कडी गेली, कोणाला न सांगता. डॉक्टरांनी आठ मिनिटं दिली आणि तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एका समुपदेशक बाईंनी सांगितलं, त्याला समजून घ्या. अहो, घेते ना! पण काय समजून घ्यायचं ते तरी सांगा! नवरा म्हणावा तर तो दोन महिन्यांतून एकदा येणारा फोन होता. आणि अशाच मुलांची ही निवासी शाळा म्हणजे शेवटचं दार. इथे नाही घेतलं तर पुढे काय, याचं उत्तर तिच्याकडे एकच होतं, आणि ते गच्चीवरचं होतं. ते आठवलं की तिच्या हातातली वस्तू खाली पडायची.

गाडीत पुढे तिघं बसले. मामाची गाडी काचा पोचवायची, मागे मोकळ्या चौकटी खडखडत होत्या. मामाला गप्प बसणं ठाऊक नव्हतं.

"चिमे, काळजी करू नकोस. बुडत्याला काडीचा आधार, आपल्याला कडीचा!" तो स्वतःच हसला. "काय रे भोंग्या? आता तिथे कडीबिडी लावून बसायचं नाही हं. एकदा लावलीस, पुरे झालं."

भोंगा खिडकीबाहेर बघत होता. ती रुमालाची गाठ चाचपत होती. गाठ सुटली नव्हती, तरी चाचपत होती.

शाळा म्हणजे पूर्वीची लाकडाची वखार होती. लांब लांब शेड, वर कौलं, सगळीकडे भुशाचा वास. राखाडी शर्टातली मुलं रांगेने बादल्या नेत होती, आणि प्रत्येकाच्या खिशावर एक बिल्ला: बंद दार, दाराच्या मधोमध गोल भोक, आणि खाली दोन शब्द, ‘आधी हाक’. वॉर्डन त्यांना घ्यायला आला. चाळिशीचा, जाड भिंगाचा चष्मा. हा स्वतः या शाळेचा पहिल्या वर्षीचा विद्यार्थी, हे त्याने नमस्कार करता करताच सांगून टाकलं.

"इथे एकाही दाराला कडी नाही," चालता चालता तो सांगू लागला. "न्हाणीघरालासुद्धा नाही. बाहेरच्या खुंटीवर टॉवेल दिसला की आत कोणीतरी आहे. मग हाक मारायची, उत्तर आलं की थांबायचं. उत्तर आलं नाही तर सरळ आत जायचं. सतरा वर्षं मी वॉर्डन आहे, टॉवेलवरून भांडण झालेलं नाही."

"आणि कोणी टॉवेल विसरला तर?" मामाने विचारलं.

"तर लाज जाते. जीव जात नाही."

तेवढ्यात भाजीचा टेम्पो आला आणि फाटकात अडकून पडला, कारण मामाने गाडी बरोबर फाटकाच्या तोंडाशी लावली होती. टेम्पोवाल्याने उद्धार सुरू केला. "आलोच," म्हणून मामा पळाला, आणि मग त्याची आणि टेम्पोवाल्याची जी जुंपली ती जुंपलीच. त्यामुळे पुढे जे घडलं तेव्हा मामा तिथे नव्हता.

दिवाणखान्यासारखी मोठी खोली होती. समोरच्या भिंतीवर एक जुनं दार पाठ टेकवून उभं ठोकलेलं. मधोमध कुऱ्हाडीने पाडलेलं भोक, कडा चिरफाळलेल्या. आणि त्या भोकाभोवती कड्याच कड्या. पितळी, लोखंडी, गंजलेल्या, चकचकीत, एक तर नुसता वाकवलेला खिळा. सगळं दार भरून गेलं होतं. फक्त उजव्या कडेला, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढी जागा कोरी होती.

दारासमोर बाकावर म्हातारा बसला होता. सगळे त्याला सुतारबाबा म्हणायचे. शाळा त्याचीच. हाताची दोन बोटं पेराशी तुटलेली, आवाज मात्र खणखणीत. आलेल्या प्रत्येक घराला तो दाराची गोष्ट सांगायचा. एकतीस वर्षं सांगत होता. त्याच्या मागे उभा राहिलेला वॉर्डन ओठ हलवत होता, इतकी ती त्याला पाठ होती.

"मला एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा," सुतारबाबा भोंग्याकडे बघून म्हणाला. "त्याचं माझ्याशी पटत नव्हतं. एक दिवस भांडण झालं आणि त्याने खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. मी म्हटलं, बसू दे, भूक लागली की येईल बाहेर. मी बाप, मी कशाला हाक मारू? संध्याकाळी आतून आवाज येईना. मग कुऱ्हाड घेतली, हे भोक पाडलं, आत हात घातला, कडी काढली. त्याला दम्याचा आजार होता. उशीर झाला होता. बापाची कुऱ्हाड नेहमी उशिराच पोचते, म्हणून आधी हाक. म्हणून हे दार. इथे येणारा प्रत्येक मुलगा आपली कडी आपल्या हाताने या दारावर लावतो. एकदा ती लागली की तो आमचा. कोणी ढकलून आणलेला मुलगा आम्ही घेत नाही. एकच खाट रिकामी आहे, आणि दुपारी दुसरं घर येणार आहे. तर बाळा, हा पेचकस. लाव."

भोंग्याने पेचकस घेतला. गेल्या पाच महिन्यांत कोणी दिलेली वस्तू त्याने हातात घेतली नव्हती. तिने घाईघाईने रुमालाची गाठ सोडली आणि कडी त्याच्यापुढे धरली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

ते शब्द तिच्या डोक्यात शिरलेच नाहीत. आधी नुसता आवाज शिरला. जाडा, खरखरीत, पुरुषी. तिच्या पोराचा आवाज फुटला होता! घरातल्या घरात आवाज फुटला आणि आईला पत्ता नाही. तिला हसू आलं, रडू आलं, आणि मग कुठे शब्द पोचले.

"मग कोणाची?" सुतारबाबाने विचारलं.

"तिची."

म्हाताऱ्याने कडी हातात घेतली. सुतारच तो, त्याला किती वेळ लागणार? "निळा रंग. खोली आतून निळी आहे?"

"पांढरी," भोंगा म्हणाला.

"ही बाहेरची आहे. आणि घासली किती आहे बघा. रोजची लावलेली." त्याने कडी पुन्हा रुमालात गुंडाळली. "बाई, आतली कुठे आहे?"

"भंगारात दिली. तो गच्चीवर... त्यानंतर दिली."

"मग ही काही दारावर लागायची नाही. हा मुलगा बंद होऊन बसलेला नाही, याला बंद केलाय. आमची शाळा बंद होऊन बसलेल्यांची. तुम्ही परत जा."

परत जा. तोंडाने म्हणायला काय जातं? परत म्हणजे ती खोली, आणि वर ती गच्ची.

"बाबा, मी नऊ तास कामाला जाते. घरी दुसरं कोणी नाही. उघडा ठेवला तर गच्चीवर जातो, बंद ठेवला तर मी राक्षसीण! मग करायचं काय मी? सांगा ना! सगळे मला काय करू नये तेच सांगतात. मी कडी लावायची आणि खाली जाऊन पुन्हा तीन वेळा वर यायची, श्वास ऐकायला. पाय धरते तुमचे. याला घ्या. मला शिक्षा करायची ती करा, पण याला घ्या."

"नियम नियम आहे," म्हातारा म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुमचा नियम!" तिने भोंग्याच्या हातातून पेचकस ओढला, रुमालातून कडी हिसकली आणि दाराशी गेली. "कडी लागली की मुलगा तुमचा ना? मी लावते. आई आहे मी त्याची, माझा हात तो त्याचा हात." शुद्ध वेडेपणा होता तो, तिलाही कळत होतं, पण हात थांबेना. दारावर जागा होतीच कुठे? ती एकच, उजव्या कडेची, तळहाताएवढी. तिने कडी तिथे टेकवली.

"तिथे नाही!" सुतारबाबा ओरडला. असा ओरडला की खिडकीबाहेर बादल्या नेणारी मुलं थांबली. "तिथलं लाकूड कच्चं आहे! तिथे कोणी काही लावत नाही!"

लाकूड कच्चं नव्हतं. तिचा अंगठा त्या जागेवर होता, आणि अंगठ्याला खड्डे लागत होते. चार. वरून रंग होता, आत पुट्टी होती, आणि एवढ्या वर्षांत पुट्टी आकसून केसाएवढी खाली बसली होती. दुसऱ्या कोणाला ते जन्मात कळलं नसतं. तिने कडी हळूच सरकवली. कडीची चार भोकं त्या चार खड्ड्यांवर जवळजवळ नेमकी बसली.

ती वळली. "बाबा, दाराची ही बाजू बाहेरची ना? कुऱ्हाडीचा घाव याच बाजूने आहे."

म्हाताऱ्याने बाकाची कड धरली.

"इथे कडी होती. बाहेरून. तुम्ही ती काढलीत आणि भोकं भरलीत."

"अहो, जुन्या दारांना दोन्हीकडून कड्या असायच्या," वॉर्डन मध्ये पडला. "त्यात काय एवढं?"

"त्यात काही नाही. पण मग भोकं कशाला भरायची? वर रंग कशाला द्यायचा? एकतीस वर्षं ही जागा कशाला राखायची?" तिचा आवाज चिरकला. "मला विचारा ना, मी सांगते कशाला! आमच्या खाली गादीचं दुकान आहे. पाच महिन्यांपूर्वी तिथे कापूस पेटला. जिन्यात धूर. मी कामावर. हा आत, आणि बाहेरून कडी मी लावलेली, आणि घराला कुलूप. दोन तास याने दार बडवलं. मी धावत आले तेव्हा आग विझली होती, पण माझ्यामागे शेजारपाजार होता. मी एका हाताने गुपचूप कडी सरकवली आणि दुसऱ्या हाताने दार बडवत ओरडले, उघड रे, आतून कडी लावून का बसलास! सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना पटलं. दार उघडलं, तर हा आतून माझ्याकडे बघत होता. तेव्हापासून बोलला नाही. माझ्या भावालाही मी हेच सांगितलंय, माझ्या आईलाही. म्हणून कळलं मला, बाबा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

बाहेर मामा आणि टेम्पोवाला अजून तंडत होते. वॉर्डन म्हाताऱ्याकडे बघत होता. नाही म्हणा, एकदा नाही म्हणा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"कुऱ्हाडीची गरजच नव्हती," सुतारबाबा म्हणाला. मघाचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कडी मीच लावली होती. मीच काढली. दार साधं उघडलं. तो दाराला टेकूनच बसला होता, माझ्या पायांवर पडला. मग मला वाटलं, आता माणसं येतील. विचारतील. मी आधी कडी काढून फेकली. मग कुऱ्हाड आणली आणि उघड्या दाराला भोक पाडलं. मुलगा तिथेच होता. त्याला ओलांडून मी दारावर घाव घातले."

वॉर्डन खालीच बसला, फरशीवर. त्याने खिशावरच्या बिल्ल्यावर हात ठेवला होता, जणू तो पडेल.

भोंगा मात्र पुढे आला. म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"त्यानं हाक मारली होती?"

"मारली."

"किती वेळ?"

"माझी करवत चालू होती रे. मशीनची. मोठा आवाज असतो तिचा."

"पण ऐकू येत होतं?"

म्हाताऱ्याने तुटक्या बोटांनी तोंड पुसलं. "येत होतं. मला वाटलं, नाटक करतोय. मी करवत बंद केली नाही."

भोंग्याने मान हलवली. कोणी पत्ता सांगितला आणि तो नीट कळला, की हलवतात तशी. मग पहिल्यांदाच तो तिच्याकडे वळला. "मी दोन तास वाजवलं."

"माहीत आहे मला."

"आधी हात दुखला. मग मी पायाने वाजवलं."

"माहीत आहे रे, राजा. तुझी नखं काळी पडली होती. मी तुला मोजे घातले." ते कशासाठी घातले, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मग सुतारबाबा म्हणाला, "पोरा, ही शाळा अशी आहे. खोट्या दारावर उभी राहिलेली. खरं काय ते तुला कळलं. आता राहायचं की जायचं, तू ठरव. कडी लागो न लागो."

"राहतो," भोंगा म्हणाला.

देवा! तिने भिंतीला हात टेकला. तो राहणार होता. इथे टॉवेल होते, हाका होत्या, रात्री उठून बघणारी माणसं होती. तो जगणार होता. तिला आणखी काही नको होतं.

"पण तिने यायचं नाही," भोंगा म्हणाला.

वॉर्डनने मान वर केली. "महिन्यातून एकदा भेट असते. आई आहे तुझी."

"नाही. तिने आधी सगळ्यांना सांगायचं. मामाला. आजीला. गादीवाल्यांना. जिन्यात जे उभे होते त्या सगळ्यांना. कडी कोणी लावली होती ते. मग यायचं."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की तो जरा चकित झाला. तिला त्याच्या गालाला हात लावायचा होता. तिने हात उचललाही, पण तो एक पाऊल मागे सरला, म्हणून तिने तो हात पिशवीच्या बंदाला लावला.

सह्या झाल्या. कडी बाकावर तशीच पडली होती, कोणी तिला हात लावला नाही. फाटकापर्यंत पोचवायलाही कोणी आलं नाही, कारण वॉर्डन अजून फरशीवरून उठला नव्हता.

मामाची गाडी एव्हाना कोपऱ्यात नीट लागली होती आणि मामा विजयी मुद्रेने टेम्पोवाल्याच्या तपकिरीतली चिमूट ओढत होता. तिला एकटीला येताना बघून त्याने दोन्ही हात वर केले.

"घेतला? शाब्बास! मी म्हणत नव्हतो? चिमे, आज सुटलीस बघ तू!" तो स्टिअरिंगमागे बसला, गाडी चालू केली, रस्त्याला लागला आणि बोलतच राहिला. "पोरगं मनाने वाईट नाही गं. हट्टी आहे एवढंच. आता बघ ना, बाहेर आग लागलीय आणि हा आतून कडी लावून..."

"दादा, गाडी बाजूला घे."

"का? मळमळतंय का?"

"बाजूला घे आधी."

त्याने घेतली. एका पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे. तिने समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. कडी, कुलूप, एक हात आणि दुसरा हात. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच महिने जे घशात अडकून बसलं होतं, ते एवढंसंच होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मामा काही बोलला नाही. त्याने गाडीची चावी फिरवून इंजिन बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं.

"त्या दिवशी मी आलो होतो ना," शेवटी तो म्हणाला. "संध्याकाळी. तू चहा टाकायला आत गेलीस. मी त्याला एक ठेवून दिली होती, चिमे. कानाखाली. म्हटलं, आतून कडी लावतोस, आईचा जीव घेशील का? माझी पाचही बोटं उठली त्याच्या गालावर." त्याने स्वतःच्या पंजाकडे बघितलं. "तो रडला नाही. उलटून बोलला नाही. नुसता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. मला वाटलं, कोडगा झालाय. आता कळतंय. तू बाहेर येशील आणि सांगशील म्हणून थांबला होता."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"तुला माहीत नव्हतं गं. तू आत होतीस. तुला काय माहीत?" मामा म्हणाला. बहिणीला वाचवायची सवय होती त्याला, लहानपणापासूनची.

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मी नळ मोठा सोडला."

मामाने तिच्याकडे बघितलं नाही. पुढे ठेवलेला फोन उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"आईला लाव," तो म्हणाला, आणि दार उघडून खाली उतरला.